रक्ताला पत्ता लागू नये म्हणून

महालातल्या आमच्या वाड्यात दिवाळीच्या आधी पंधरा दिवस कल्हईवाला यायचा. अंगणाच्या कोपऱ्यात लहानसा खड्डा करून तो भाता बसवायचा, कोळसे फुलवायचा आणि आईनं काढून ठेवलेली पितळेची पातेली एकेक करून विस्तवावर धरायचा. भांडं तापलं की चिमूटभर नवसागर टाकायचा. पांढरा धूर उठायचा. मग कथील टेकवून कापसाच्या बोळ्यानं तो आतून हात फिरवायचा आणि काळपट पातेलं डोळ्यांदेखत चांदीसारखं व्हायचं. एवढा खटाटोप कशासाठी, असं मी एकदा आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "नाहीतर ताक कळकतं रे." ताकाला पितळेचा पत्ता लागू द्यायचा नाही, एवढंच त्या पातळ थराचं काम.

पुढे मी नागपूरच्याच लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेत, म्हणजे आमच्या एलआयटीत, रंग आणि लेप हा विषय शिकलो. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली ही संस्था. तिथून बाहेर पडल्यावर पस्तीस वर्षं हिंगण्याच्या एमआयडीसीत लोखंडाला लावायचे रंग बनवण्यात गेली. मे महिन्याचं नागपूरचं ऊन आणि त्यामागून येणारा पाऊस यांत फाटकाचा रंग का सुटतो, याचं उत्तर शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता.

गेल्या हिवाळ्यात माझ्याच छातीत कळ आली. मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी झाली, एक धमनी ऐंशी टक्के बंद निघाली आणि त्याच टेबलावर स्टेंट बसला. घरी येताना हातात एक कार्ड दिलं. त्यावर स्टेंटचं नाव, लांबी, व्यास. बाकीची माहिती मी घरी आल्यावर माहितीपत्रकात वाचली. जाळी कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची, तिच्या तारांची जाडी साठ मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाएवढी. तिच्यावर सिरोलिमस नावाच्या औषधाचा लेप आणि तो लेप 'बायोडिग्रेडेबल' पॉलिमरचा. म्हणजे वर्षभरात शरीरात विरून जाणारा.

त्या शब्दाशी मी थबकलो. लेप टिकावा म्हणून आम्ही आयुष्यभर धडपडलो आणि इथे लेपानं वेळेवर नाहीसं व्हावं अशी योजना! हा लेप नेमका कशासाठी असतो, हा प्रश्न मला खरं तर वीस वर्षांपूर्वी पडायला हवा होता. तेव्हा पडला नाही, त्याची किंमत माझ्या बहिणीनं मोजली. ते पुढे येईलच. आधी जाळीची गोष्ट.

जाळी आली, गुठळीही आली

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या असतात. त्यांच्या भिंतीत चरबीचा साका धरला की वाट अरुंद होते. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेयास ग्रुएंटझिग यांनी जागत्या माणसाच्या हृदयधमनीत बारीक फुगा नेऊन तो फुगवला आणि वाट मोकळी केली. छाती न उघडता! पण फुगा काढून घेतल्यावर कित्येक रुग्णांची धमनी पुन्हा आक्रसे, कधी तर त्याच दिवशी मिटून जाई. खचत्या विहिरीला बांधकामाचा आधार द्यावा तसा आतून आधार हवा होता. १९८६ साली फ्रान्समधल्या तुलूज शहरात झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये उलरिक सिगवार्ट यांनी हृदयधमनीत पहिल्या धातूच्या जाळ्या बसवल्या. नाव मिळालं 'स्टेंट'. हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या चार्ल्स स्टेंट नावाच्या इंग्रज दंतवैद्यावरून आलं, असं मानतात. दातांचा ठसा घेण्याचं त्याचं मिश्रण पुढे शस्त्रक्रियेत आधार म्हणून वापरात आलं आणि शब्द तिथून सरकत हृदयापर्यंत पोचला.

आधार मिळाला, पण नवी अडचण दारात उभी राहिली. १९९१ साली युरोपातल्या शंभराहून थोड्या अधिक रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या जाळ्या पूर्ण बंद पडल्या होत्या. बहुतेक वेळा कारण एकच, जाळीवर धरलेली रक्ताची गुठळी.

आता रंगवाल्याच्या नजरेनं पाहा. ती जाळी उत्तम पोलादाची होती, गंजणारी नव्हती, आरशासारखी घासलेली होती. धातूचं काही बिघडत नव्हतं, बिघडत होतं ते रक्ताचं. लोखंडावरचा रंग लोखंडाला हवेपाण्यापासून वाचवतो. इथे रक्ताला धातूपासून वाचवायचं होतं. म्हणजे हे काम आईच्या पातेल्याच्या जातीचं, कल्हईचं.

रक्त ओळखतं कसं?

रक्त हा फार संशयी पदार्थ आहे. आपल्या धमन्यांच्या आतल्या अंगाला पेशींचा एकेरी थर असतो. त्याला अंतःस्तर म्हणतात. तो नुसता गुळगुळीत नसतो, सतत काम करत असतो. नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही द्रव्यं सोडून तो रक्तातल्या प्लेटलेट्सना जणू सांगत राहतो, की सगळं ठीक आहे, पुढे चला. त्याच्या पृष्ठभागावर हेपारिनच्या जातीच्या साखळ्याही असतात, त्या गुठळी धरू देत नाहीत. जगातलं सर्वांत रक्तस्नेही अस्तर कोणतं, तर हे.

जिथे हा थर नाही तिथे रक्त समजतं की जखम झाली. काचेवर, पोलादावर, प्लास्टिकवर, कुठेही परका पृष्ठभाग लागला की काही सेकंदांतच रक्तातली प्रथिनं त्यावर येऊन बसतात. म्हणजे पेशींची आणि धातूची प्रत्यक्ष गाठ पडतच नाही. गाठ पडते ती प्रथिनांच्या या पातळ सायीशी. सारा खेळ तिथे ठरतो. आधी जी प्रथिनं रक्तात भरपूर आहेत ती येतात, मग त्यांना ढकलून जास्त चिकट प्रथिनं जागा घेतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणी दांडग्यानं तिथे बसावं, तसं. या फेरपालटाला लिओ व्रोमन या शास्त्रज्ञाचं नाव मिळालं आहे.

जागा कोणाला मिळते याला महत्त्व आहे. अल्ब्युमिन बसलं तर बरं. ते थंड स्वभावाचं, प्लेटलेट्सना त्यात धरण्याजोगं काही सापडत नाही. फायब्रिनोजेन बसलं तर मात्र ते पृष्ठभागावर टेकताना आपला आकार बदलतं आणि एरवी झाकलेला त्याचा भाग उघडा पडतो. प्लेटलेटच्या अंगावरची आकडी नेमकी त्यात अडकते. एक अडकली की ती रसायनं सोडून दुसरीला बोलावते. दुसरी तिसरीला. दुसऱ्या बाजूनं रक्त गोठवणाऱ्या घटकांची साखळी सुरू होते आणि फायब्रिनचे धागे त्या ढिगाला बांधून टाकतात. झाली गुठळी तयार. बोटाला चाकू लागला तर हीच यंत्रणा जीव वाचवते. तीन मिलिमीटरच्या धमनीत ती जीव घेऊ शकते.

म्हणून रक्तस्नेही लेप करायचा म्हणजे तो नुसता गुळगुळीत करून भागत नाही. त्यावर पहिल्यांदा कोणतं प्रथिन बसेल आणि बसल्यावर ते शांत राहील की नाही, हे त्या लेपाच्या रसायनानं ठरवावं लागतं.

पहिला सुचलेला उपाय सरळ होता. रक्त पातळ ठेवणारं हेपारिनच जाळीवर बांधून टाकायचं. १९९० च्या दशकात असे स्टेंट आले. दुसरा उपाय रक्तपेशींकडूनच उचललेला होता. तांबड्या पेशीच्या बाहेरच्या आवरणात फॉस्फोरिलकोलीन नावाचा रेणू असतो आणि पेशी एकमेकींना चिकटत नाहीत यात त्याचा वाटा मोठा. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेनिस चॅपमन यांनी तोच रेणू पॉलिमरला जोडला. पाणी धरून ठेवणारा हा लेप लावला, की जाळी रक्ताला आपल्यापैकीच वाटते.

त्याच सुमारास डॉक्टरांनी दोन गोष्टी शिकून घेतल्या. जाळी जास्त दाबानं फुगवून भिंतीला नीट टेकवायची आणि रुग्णाला प्लेटलेट्स शांत ठेवणाऱ्या दोन गोळ्या एकत्र द्यायच्या. सुरुवातीच्या गुठळ्यांचं प्रमाण एकदम खाली आलं.

बेटावरची माती

पण आता दुसरा शत्रू उघडा पडला. फुगा फुगवताना आणि जाळी बसताना धमनीच्या भिंतीला इजा होते. शरीर ती भरून काढायला निघतं, भिंतीतल्या स्नायूपेशी वाढू लागतात आणि जाळीच्या फटींतून आत येऊन वाट पुन्हा अडवतात. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये शंभरातल्या वीस ते तीस जणांना सहा-आठ महिन्यांत हा त्रास व्हायचा. हेपारिनचा लेप इथे उपयोगी नव्हता. ही गुठळी नव्हती, ही वाढ होती.

हिच्यावरचं औषध आलं ते कुणी कल्पनाही केली नसती अशा ठिकाणाहून. १९६४ साली कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली होती. तिथले रहिवासी त्या बेटाला रापा नुई म्हणतात. मोहिमेनं आणलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी एकात माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक जिवाणू सापडला. तो बुरशी मारणारं द्रव्य बनवत होता. बेटाच्या नावावरून त्याला रापामायसिन म्हटलं. पुढे सिरोलिमस ते हेच. हे द्रव्य पेशींचं विभाजन थांबवतं, पेशींना मारत मात्र नाही. मधल्या काळात कंपनीनं माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि काम थांबलं, तेव्हा सहगलांनी जिवाणूचा साठा घरच्या फ्रीजरमध्ये सांभाळून ठेवला होता. १९९९ मध्ये मूत्रपिंड रोपणानंतर द्यायचं औषध म्हणून सिरोलिमसला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात एदुआर्दो सौझा यांनी सिरोलिमसचा लेप दिलेला स्टेंट पहिल्यांदा रुग्णाला बसवला. या जातीच्या पहिल्या स्टेंटला अमेरिकेत परवानगी मिळाली ती एप्रिल २००३ मध्ये. सहगल त्याच वर्षी जानेवारीत गेले होते.

औषध सापडलं, पण ते जाळीवर टिकवायचं कसं? नुसतं चोपडलं तर रक्ताच्या धारेत धुऊन जाणार. ते महिनाभर थोडंथोडं पाझरायला हवं. इथे पुन्हा रंगवाल्याचं काम आलं.

तीन हातांचा लेप

या पहिल्या औषधी स्टेंटची रचना मी वाचली तेव्हा मला हसूच आलं. आमच्या फाटकासारखीच होती. आधी धातूला घट्ट धरणारा पॅरिलीनचा थर, म्हणजे आपला प्रायमर. त्यावर दोन पॉलिमरच्या मिश्रणात कालवलेलं औषध, म्हणजे मुख्य रंग. आणि सर्वांत वर औषध नसलेला एक थर, आतलं औषध हळूहळू सुटावं म्हणून. तीन हात मारलेले, सगळे मिळून बारा-तेरा मायक्रॉन. फाटकाला ब्रशनं दिलेला एनॅमलचा एकच हात सुकल्यावर तीसेक मायक्रॉन भरतो, यावरून अंदाज यावा.

निकाल थक्क करणारे होते. वाट पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण शंभरात वीस-तीसवरून दहाच्या खाली आलं. जगभर लाखो स्टेंट बसले.

त्यातलाच एक औषधी स्टेंट २००४ साली माझ्या भाऊजींना बसला. महिनाभरात ते फुटाळ्याला सकाळचं फिरायला जाऊ लागले. वर्ष गेलं. मग दाढ दुखू लागली. काढायची ठरली. दोन गोळ्या चालू असताना रक्त थांबणार नाही, ही त्यांना धास्ती. एका रविवारी आमच्या घरी जेवायला आले होते, तेव्हा मला म्हणाले, "तू तर लेपातला माणूस आहेस जी. वर्ष झालं, आता तर पक्का बसला असंल ना? गोळ्या बंद केल्या तर चालते का?" मी हातातलं वरण वाढत म्हणालो, "भाऊजी, वर्षभरात कुठलाही कोट पक्का होतो. काढून टाका दाढ."

त्यांनी डॉक्टरांना विचारलं नाही. मला विचारलं होतं ना. दोन्ही गोळ्या बंद केल्या, दाढ काढली आणि सहाव्या दिवशी पहाटे छातीत दुखून ते गेले. जाळीत गुठळी झाली होती.

माझं उत्तर कुठे चुकलं, ते मला पुढे कळलं. लेप खरोखरच पक्का होता, आणि घात त्यानंच केला. महिना-दोन महिन्यांत औषध संपतं. पॉलिमर मात्र जन्मभर तिथेच राहतो. औषध चालू असताना स्नायूपेशींची वाढ थांबते, पण त्याचबरोबर जाळीवर नवा अंतःस्तर चढणंही रेंगाळतं. म्हणजे तार उघडी राहते. त्यात काहींच्या शरीराला तो पॉलिमरच सोसत नाही आणि भिंतीत दाह सुरू राहतो. भारतीय वंशाच्या विकृतिशास्त्रज्ञ रेणू विरमानी यांनी २००४ सालीच अशा एका रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. स्टेंट बसवल्यानंतर अठरा महिन्यांनी गुठळी होऊन तो रुग्ण दगावला होता, आणि संशयाची सुई पॉलिमरकडे वळत होती. सप्टेंबर २००६ मध्ये बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत उशिरा होणाऱ्या गुठळ्यांचा प्रश्न इतक्या जोरानं पुढे आला, की जगभर या स्टेंटांबद्दल धास्ती पसरली. असे प्रसंग शंभरात एखाद-दुसरे होते. पण ज्याच्या घरी होतात त्याला शंभराचा हिशेब सुचत नाही.

नाहीसा होणारा लेप

यातून दोन वाटा निघाल्या आणि आज त्या दोन्ही चालू आहेत.

पहिली वाट म्हणाली, लेप कायम राहू द्या, पण तो असा करा की रक्ताला खटकणार नाही. यासाठी फ्लोरिनयुक्त पॉलिमर वापरात आले. घरातल्या नॉनस्टिक तव्यावरच्या लेपाचे हे नातलग. यांच्यावर अल्ब्युमिन चांगलं बसतं आणि बसून राहतं, त्यामुळे प्लेटलेट्सना पाय ठेवायला जागा मिळत नाही. काही चाचण्यांत तर असा लेप दिलेल्या जाळीवर उघड्या धातूपेक्षाही कमी प्लेटलेट्स चिकटलेल्या दिसल्या. ज्या लेपावर आळ आला होता, त्याच्याच जातीतला दुसरा लेप रक्षण करू लागला. दोष 'पॉलिमर' या शब्दात नव्हता, कोणता पॉलिमर यात होता.

दुसरी वाट म्हणाली, काम झालं की लेपानं निघून जावं. यासाठी लॅक्टिक आम्लाच्या रेणूंची माळ करून बनवलेले पॉलिमर घेतले. दह्याला आंबटपणा देणारं तेच हे आम्ल. शरीरातल्या पाण्यानं ही माळ हळूहळू तुटते, सुटे मणी शरीर पचवतं आणि शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. नऊ-बारा महिन्यांत लेप संपतो आणि मागे राहते ती नुसती जाळी. तोवर तिच्यावर आपलाच अंतःस्तर चढलेला असतो. खरी कल्हई तीच, शरीरानं स्वतः केलेली. बाहेरचा लेप तिची वाट पाहण्यापुरता.

या दुसऱ्या वाटेवर आपला देश मागे नाही. सुरतेत बनलेल्या, साठ मायक्रॉन तारांच्या आणि विरघळत्या लेपाच्या एका स्टेंटची युरोपातल्या २३ रुग्णालयांत १,४३५ रुग्णांवर चाचणी झाली. समोर होता फ्लोरिनयुक्त लेपाचा नावाजलेला अमेरिकी स्टेंट. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. वर्षअखेर दोन्ही बरोबरीचे ठरले होते. त्याआधी हैदराबादला डॉ. बी. सोमा राजू आणि ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी स्वस्त देशी स्टेंटची वाट दाखवली होती. त्याहून जुनं काम तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचं. डिसेंबर १९९० मध्ये तिथे पहिल्यांदा बसवलेल्या देशी कृत्रिम झडपेचा पिंजरा कोबाल्ट-क्रोमियमचा आणि तबकडी पॉलिथिलीनची होती. कोणता पदार्थ रक्ताशी जमवून घेतो, हे आपल्याकडच्या लोकांनी तिथे हातानं तपासून शिकून घेतलं.

आणि आपलं नागपूर? आमच्या विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात २००२-०३ च्या सुमारास चीडच्या झाडाच्या राळेपासून औषधांसाठी लेप देणारे पॉलिमर तयार करण्याचं काम झालं. राळेपासून बनवलेले पातळ पापुद्रे उंदरांच्या त्वचेखाली ठेवून ते किती दिवसांत झिजतात आणि आजूबाजूच्या ऊतींना कितपत खुपतात, हे तिथल्या संशोधकांनी पाहिलं. तुलनेला होता लॅक्टिक आम्लापासून केलेला प्रसिद्ध पॉलिमर. ते काम स्टेंटसाठी नव्हतं आणि त्वचेखालची परीक्षा रक्तातल्या परीक्षेहून सोपी असते. पण प्रश्न तोच होता. लेप आपलं काम करून, शरीराला न खुपता, निघून जाईल का? व्हार्निशसाठी आम्ही पिंपानं वापरत होतो ती राळ, अमरावती रोडवर आमच्या शेजारीच या प्रश्नाला भिडत होती आणि आम्हाला त्याचा गंधही नव्हता.

विरघळण्याचा हा विचार टोकाला नेऊन पाहणारेही निघाले. लेपच का, सगळी जाळीच विरघळती करू! असा संपूर्ण पॉलिमरचा स्टेंट गाजावाजात आला. पण पॉलिमरला धातूची ताकद नाही, म्हणून तारा जाड कराव्या लागल्या, दीडशे मायक्रॉनच्या आसपास. जाड तारेमागे रक्ताचा प्रवाह भोवऱ्यासारखा घुटमळतो आणि घुटमळणारं रक्त गोठतं. गुठळ्या वाढल्या आणि २०१७ मध्ये कंपनीनं त्याची विक्री थांबवली. म्हणजे रक्तस्नेह नुसत्या रसायनात नसतो, आकारातही असतो.

फवारा आणि फुगा

हा लेप देतात कसा, याचं मला साहजिकच कुतूहल होतं. पॉलिमर आणि औषध एका द्रावकात विरघळवून, धूळ नसलेल्या खोलीत, गरगर फिरणाऱ्या जाळीवर त्यांचा अतिसूक्ष्म फवारा मारतात. द्रावक उडून जातो, चार-पाच मायक्रॉनचा थर उरतो. मोटारीला रंग मारण्याचीच रीत, फक्त मोटार दोन-तीन सेंटिमीटरची.

खरी परीक्षा पुढे. लेप दिलेली जाळी फुग्यावर आवळून बसवतात. मग ती वळणावळणाच्या धमन्यांतून नेतात आणि तिथे फुगवतात, तेव्हा तारा वाकतात, ताणल्या जातात. लेप कडक असेल तर तडकतो, फार मऊ असेल तर शेजारच्या तारेला चिकटून फाटतो. तडकलेल्या कडेला गुठळी धरायला जागा मिळते. त्यानंतर हृदय दिवसाला एक लाख वेळा जाळीला पिळतं. फाटकाच्या रंगाला आम्ही वर्षातून एक उन्हाळा पार पाडायला सांगायचो, या लेपाची परीक्षा दर ठोक्याला असते. शिवाय तांबड्या पेशी फुटतात का, प्लेटलेट्स चिकटतात का, रक्त गोठायला किती वेळ लागतो, या चाचण्या असतातच. रक्ताशी संबंध येणाऱ्या साधनांसाठी त्यांचा आंतरराष्ट्रीय मानकच ठरलेला आहे.

एवढं सगळं करून औषधी स्टेंट आपल्या आवाक्यात आला तो फेब्रुवारी २०१७ मध्ये. एरवी लाखाच्या पुढे जाणाऱ्या औषधी स्टेंटची कमाल किंमत सरकारनं २९,६०० रुपये ठरवली, साध्याची ७,२६०. पुढे त्यात फेरबदल होत गेले.

उरलेलं काम

तर मग भाऊजींच्या प्रश्नाचं उत्तर काय? मी आज ते असं देईन. भाऊजी, लेप कधीच एकटा काम करत नाही. जाळी वाट उघडी ठेवते, औषध वाढ थांबवतं, पॉलिमर औषधाला धरून ठेवतो आणि रक्ताला फार खटकू देत नाही. पण जाळीवर आपला अंतःस्तर चढेपर्यंत जी उघडी फट राहते, ती गोळ्या राखतात. एक ॲस्पिरिन, दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा तिच्या जातीची. ही दुसरी गोळी किती महिने, हे स्टेंटच्या जातीवर, झटका येऊन स्टेंट बसला की नुसत्या छातीतल्या दुखण्यासाठी, यावर आणि तुम्हाला रक्तस्रावाचा धोका किती, यावर ठरतं. कुणाला सहा महिने, कुणाला वर्ष, कुणाला त्याहून कमी किंवा जास्त. नवे लेप अधिक रक्तस्नेही झाले म्हणूनच हा काळ आता काहींच्या बाबतीत कमी करता येतो. पण तो ठरवायचा हृदयरोगतज्ज्ञांनी. शेजाऱ्यानं नाही, दुकानदारानं नाही, आणि रंगवाल्या मेहुण्यानं तर मुळीच नाही.

दाढ काढायची असो, मोतीबिंदू असो, हर्निया असो, आधी स्टेंटचं कार्ड दाखवायचं आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावायचं. दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनही काढता येते, कापूस जरा जास्त वेळ दाबून धरावा लागतो इतकंच. हे वाक्य मला २००५ साली ठाऊक असतं तर, असं मी बहिणीला एकदा म्हणालो. ती म्हणाली, "तुला ठाऊक नव्हतं हे कुठं वाईट आहे? ठाऊक नसून तू सांगितलंस." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून हा लेख.

माझं कार्ड मी पाकिटात आधार कार्डाच्या मागे ठेवलं आहे. त्याची एक झेरॉक्स देवघराच्या फळीवर आहे, मुलाच्या मोबाइलमध्ये फोटो आहे. सकाळी चहाच्या आधी बायको गोळी हातावर ठेवते. येत्या हिवाळ्यात वर्ष होईल. माझ्या जाळीवरचा लेप तोवर जवळजवळ संपलेला असेल आणि माझ्या रक्ताला त्याचा पत्ताही लागलेला नसेल, अशी आशा आहे. दुसरी गोळी कधी थांबवायची, ते मी डॉक्टरांना विचारणार आहे. आणि ते सांगतील तेवढंच करणार आहे.